उपोषणाचा हिशेब प्रथिनांत मांडा

२९ ऑगस्ट २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी आमरण उपोषणाला बसले आणि सतराव्या दिवशी, १४ सप्टेंबरला, मुख्यमंत्र्यांच्या हातून रस घेऊन त्यांनी उपोषण सोडले. त्याच वर्षी २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा सतरा दिवस आणि त्यानंतरही अनेकदा ते उपोषणाला बसले. जून २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी अन्न सोडले. दोन्ही मांडवांतल्या मागण्या एकमेकींच्या विरोधात होत्या, पण उपाशी शरीर दोन्हीकडे एकाच नियमाने चालत होते. याच जालन्यात दर चातुर्मासात जैन कुटुंबांतून आठ दिवसांची अठाई आणि क्वचित तीस दिवसांचे मासखमणही होते. अशा वेळी जालन्यातल्या मस्तगडच्या चहाच्या टपरीपासून मुंबईतल्या वाहिन्यांच्या स्टुडिओपर्यंत ठरलेली वाक्ये कानावर पडतात. दहा दिवस झाले, तरी बोलतात कसे? सलाइन घेतले म्हणजे उपोषण कसले? अंगात चरबी आहे, काही होत नाही. ही तिन्ही वाक्ये एकाच समजावर उभी आहेत. उपाशी माणूस चरबीवर जगतो आणि चरबी आहे तोवर तो सुरक्षित असतो, असा हा समज. तो निम्माच खरा आहे. ऊर्जा चरबी पुरवते हे बरोबर. पण उपोषण किती काळ झेपेल, ते कुठे थांबवायला हवे आणि ते सोडताना काय सांभाळायचे, हे चरबीवरून कळत नाही. त्यासाठी प्रथिनांचा, म्हणजे मुख्यतः स्नायूंचा आणि त्यांच्याबरोबर झिजणाऱ्या क्षारांचा हिशेब मांडावा लागतो.

आधी शिल्लक पाहू. सत्तर किलो वजनाच्या, बांध्याने साधारण अशा पुरुषाच्या अंगात पंधरा किलोच्या आसपास चरबी असते. तिच्यातून सुमारे १,४०,००० कॅलरी मिळू शकतात. पडून राहणाऱ्या माणसाला दिवसाला १,८०० कॅलरी लागतात असे धरले, तर हा साठा अडीच महिने पुरावा. साखरेचा साठा मात्र अगदीच तुटपुंजा असतो. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात पाऊणशे ते शंभर ग्रॅम, स्नायूंत आणखी थोडा. आणि स्नायूंतली साखर स्नायूंनाच वापरता येते, ती रक्तात परत येत नाही. तिसरी शिल्लक प्रथिनांची. स्नायूंत सुमारे सहा किलो प्रथिने असतात आणि त्यांच्या चोवीसेक हजार कॅलरी होतील. कागदावर हा दुसऱ्या क्रमांकाचा साठा दिसतो, पण प्रत्यक्षात तो साठा नव्हेच. चरबीच्या पेशीतली चरबी वापरली गेली तर कोणतेही काम अडत नाही. प्रथिनांचा एकही रेणू मात्र रिकामा बसलेला नसतो. तो कुठल्या तरी स्नायूचा धागा असतो, विकर असतो किंवा रोगाशी लढणारा घटक असतो. दुष्काळात शेतकरी कणगीतले धान्य खाऊन दिवस काढतो, बैल विकायची पाळी शेवटी येते, कारण बैल गेला की पाऊस पडूनही शेत पडीक राहते. चरबी म्हणजे ते धान्य आणि स्नायू म्हणजे बैल.

मग शरीर पहिल्या दिवसापासून फक्त चरबीच का जाळत नाही? अडचण मेंदूची आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा पन्नासाव्या हिश्शाएवढा, पण आरामात असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा तो एकटा घेतो आणि एरवी ती जवळजवळ सगळी ग्लुकोजच्या रूपात घेतो. दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते. यकृतातले ग्लायकोजेन एका दिवसात आटते. चरबीतून सुटणारी स्निग्धाम्ले हृदय, स्नायू आणि मूत्रपिंडे आनंदाने जाळतात, पण मेंदूला ती फारशी उपयोगी पडत नाहीत आणि माणसाच्या शरीराला स्निग्धाम्लांपासून ग्लुकोज बनवता येत नाही. चरबीच्या रेणूतला ग्लिसरॉल हा छोटा तुकडा तेवढा ग्लुकोज होऊ शकतो, पण त्यातून दिवसाला वीसेक ग्रॅमच पदरात पडते. उरलेली तूट भरून काढायला शरीर स्नायूंकडे वळते. इन्सुलिन उतरलेले असते, ग्लुकागॉन आणि कॉर्टिसॉल चढलेले असतात. स्नायूंतली प्रथिने सुटून अमिनो आम्ले होतात, त्यातली अलॅनिन आणि ग्लुटामिन रक्तातून यकृतात व मूत्रपिंडांत पोहोचतात आणि तिथे त्यांचे ग्लुकोज होते. त्यांच्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो. लघवीतला हा नायट्रोजन म्हणजे स्नायूंच्या झिजेची पावतीच. एक ग्रॅम नायट्रोजन गेला म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिने गेली. पहिल्या काही दिवसांत रोज अकरा-बारा ग्रॅम नायट्रोजन जातो. म्हणजे सुमारे पंचाहत्तर ग्रॅम प्रथिने. स्नायूत पाचवा हिस्सा प्रथिने आणि बाकी बहुतेक पाणी असते हे लक्षात घेतले, तर दिवसाला पावशेराहून अधिक स्नायू झिजतो असा याचा अर्थ होतो.

आता इथे एक त्रैराशिक मांडून पाहावे. अंगातल्या प्रथिनांचा एक-तृतीयांश ते निम्मा भाग गेला की जीव वाचणे कठीण, असे उपासमारीच्या अभ्यासांवरून दिसते. सहा किलोंचा तिसरा हिस्सा दोन किलो. रोज पंचाहत्तर ग्रॅम जात राहिले, तर सत्ताविसाव्या दिवशी ही मर्यादा ओलांडली जाईल आणि तेव्हा अंगात निम्म्याहून अधिक चरबी तशीच शिल्लक असेल. प्रत्यक्षात पाणी घेत राहणारा निरोगी माणूस त्याच्या दुपटीने टिकू शकतो, म्हणजे शरीर मधल्या काळात कुठेतरी काटकसर करीत असणार. ती कशी, हे बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल, ऑलिव्हर ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या तीन लठ्ठ रुग्णांच्या मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूकडून परतणाऱ्या रक्तातला फरक त्यांनी मोजला. मेंदू ग्लुकोजवर नव्हे, तर मुख्यतः कीटोनवर चालला होता. यकृत स्निग्धाम्लांपासून कीटोन बनवते. ते रक्तातून सहज मेंदूत शिरतात आणि काही आठवड्यांत मेंदूची दोन-तृतीयांशापर्यंत गरज भागवतात. जी चरबी मेंदूला थेट चालत नव्हती, तीच रूप बदलून त्याच्या कामी येते. मेंदूची ग्लुकोजची मागणी घटली की स्नायूंवरची मागणीही घटते. या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन दिवसाला तीन-चार ग्रॅमवर आला, म्हणजे प्रथिनांचा खर्च पंचाहत्तर ग्रॅमवरून वीस-पंचवीसवर उतरला. जोडीला थायरॉइडचे सक्रिय संप्रेरक कमी होते, नाडी मंदावते आणि शरीराचा एकूण खर्च घटतो. चरबी जाळणे हे या सगळ्या व्यवस्थेचे साधन आहे. तिचे उद्दिष्ट प्रथिने वाचवणे हे आहे.

हा हिशेब इतिहासाशी ताडून पाहता येतो. पहिल्या दहा दिवसांत रोज सत्तर ग्रॅम आणि पुढे शरीरयष्टीप्रमाणे रोज वीस ते चाळीस ग्रॅम प्रथिने गेली असे धरले, तर दोन किलोंची मर्यादा दीड महिन्यापासून अडीच महिन्यांच्या दरम्यान कधीतरी गाठली जाते. १९८१ मध्ये उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात उपोषण करून मेलेले दहा कैदी सेहेचाळीस ते त्र्याहत्तर दिवसांच्या दरम्यान गेले. ते तरुण होते आणि पाणी व मीठ घेत होते. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास १३ सप्टेंबर १९२९ रोजी, उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी गेले. त्यांच्या बाबतीत बळजबरीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात फुप्फुसांना झालेली इजाही कारणीभूत होती. वय आणि शरीरयष्टी बदलली की ही मुदत झपाट्याने आक्रसते. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी १० फेब्रुवारी १९४३ पासून एकवीस दिवसांचे उपोषण केले तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे आणि मुळातच कृश होते. उपोषणाच्या मध्यावर त्यांची प्रकृती इतकी ढासळली की नुसते पाणीही पोटात ठरेना, तेव्हा पाण्यात थोडा मोसंबीचा रस घालावा लागला आणि मग ते सावरले. एवढ्याशा रसातून फारशा कॅलरी मिळत नव्हत्या. मिळाली ती थोडी साखर, थोडे पोटॅशियम आणि पाणी पोटात ठरण्याची सोय. कडेला आलेल्या शरीराला तेवढ्याने फरक पडला.

यातून पहिल्या वाक्याचे उत्तर मिळते. दहा दिवस झाले तरी माणूस बोलतो कसा? मेंदूला कीटोन मिळू लागले म्हणून बोलतो. पहिल्या तीन दिवसांत भूक कडाडून लागते, डोके दुखते, चिडचिड होते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कीटोन चढतात, भूक बोथट होते, डोके बऱ्यापैकी स्वच्छ वाटते. श्वासाला ॲसिटोनचा गोडसर, उग्र वास येतो. मांडवात तपासणीला येणारे डॉक्टर लघवीत बुडवलेली पट्टी उचलून पाहतात तेव्हा ती गडद जांभळी झालेली असते. रक्तातली साखर साठ-सत्तरवर असते आणि तरीही माणूस शुद्धीवर असतो. हे ढोंग नाही आणि चमत्कारही नाही, ते शरीरशास्त्र आहे. पण याच टप्प्यात बघणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत होते. माणूस वरून शांत दिसतो तेव्हा आत स्नायू, हृदयाचा स्नायू आणि क्षार झिजत असतात. वजनकाटाही दिशाभूलच करतो. पहिल्या आठवड्यात चार-सहा किलो उतरतात त्यातले निम्म्याहून अधिक पाणी असते, कारण ग्लायकोजेन स्वतःच्या तिप्पट पाणी धरून ठेवते आणि इन्सुलिन उतरले की मूत्रपिंडे मीठ व पाणी सोडून देतात. पुढे वजन दिवसाला तीन-चारशे ग्रॅमने उतरू लागले की लोक म्हणतात, आता स्थिर झाले. प्रत्यक्षात तिथून पुढे उतरणारा प्रत्येक किलो अधिक महाग असतो.

आता तिसरे वाक्य, चरबी आहे म्हणून काही होत नाही. याच्या बाजूने सर्वांत मोठा दाखला स्कॉटलंडमधल्या अँगस बार्बिएरीचा दिला जातो. १९६५-६६ मध्ये हा तरुण डंडी इथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३८२ दिवस अन्नाशिवाय राहिला आणि २०७ किलोंवरून ८२ किलोंवर आला. दाखला खरा आहे. पण त्याला जीवनसत्त्वे, पोटॅशियम आणि सोडियम दिले जात होते, रक्त-लघवीच्या तपासण्या होत होत्या, आणि त्याच्याकडे सव्वाशे किलो जादा वजन होते. लठ्ठ शरीराला उपाशीपणी लागणाऱ्या ऊर्जेपैकी प्रथिनांतून येणारा हिस्सा फार लहान असतो, सडपातळ शरीरात तो काही पटींनी मोठा. १९१२ मध्ये बोस्टनच्याच एका प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी ॲगोस्टिनो लेव्हान्झिन या साठ किलोंच्या माणसाला एकतीस दिवस फक्त ऊर्ध्वपातित पाण्यावर ठेवून रोजच्या रोज मोजमापे घेतली. महिनाअखेर त्याचे वजन सत्तेचाळीस किलोंवर आले होते आणि लघवीतला नायट्रोजन तेव्हाही सात ग्रॅमच्या आसपास होता. केहिल यांच्या लठ्ठ रुग्णांच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे काटकसरीची यंत्रणा दोघांतही असते, पण बारीक माणसात ती अर्धवटच साधते. आणि लठ्ठपणा हे अभयदानही नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निकृष्ट प्रथिनांच्या पातळ मिश्रणावर आठवडेच्या आठवडे राहून वजन उतरवण्याची लाट आली, तेव्हा डझनावारी माणसे हृदयाचे ठोके अचानक बिघडून मेली. मेली तेव्हाही त्यातल्या अनेकांच्या अंगावर चरबी शिल्लक होती. धान्याने भरलेले घर असतानाही माणूस मरू शकतो, हे त्या मृत्यूंनी सिद्ध केले.

महाराष्ट्राला या मुद्द्याचे विशेष महत्त्व आहे आणि त्याचा पुरावा पुण्यातच सापडतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत माता आणि बालकांचा प्रदीर्घ अभ्यास केला. आपली बाळे वजनाने हलकी जन्मतात. त्यांच्यात स्नायू आणि अवयव कमी भरलेले असतात, पण चरबी त्या मानाने टिकून असते, असे त्यातून पुढे आले. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचीच मोजमापे एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी छापली. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक २२.३ असा तंतोतंत सारखा. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. हे निरीक्षण मधुमेहासंबंधी म्हणून गाजले, पण उपोषणालाही ते लागू करून पाहायला हवे. सारख्याच वजनाच्या भारतीय माणसाकडे स्नायू कमी असतील, तर प्रथिनांची गंगाजळीही तेवढीच लहान असणार. परदेशी पुस्तकांतले साठ-सत्तर दिवसांचे आकडे उचलून ते आपल्याकडच्या मध्यमवयीन, किडकिडीत माणसाला लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

उपवासाचे पुरस्कर्ते इथे एक आक्षेप घेतील, आणि तो गंभीरपणे ऐकायला हवा. त्यांचे म्हणणे असे की उपाशी शरीर चांगले स्नायू खात नाही, पेशींतला मोडका-तोडका मालच तेवढा निकाली काढते. या स्वभक्षणाच्या प्रक्रियेवरच्या संशोधनासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले आहे. प्रक्रिया खरी आहे आणि उपास तिला चालना देतो हेही खरे. पण ओसुमींचे मूळ काम यीस्टच्या पेशींवरचे होते, आणि पेशीच्या आत होणारी साफसफाई म्हणजे रोज पंचाहत्तर ग्रॅम प्रथिने युरिया होऊन वाहून जाण्याला पर्याय नव्हे. जे लघवीतून गेले ते गेले. त्याचे पुन्हा काही घडत नाही. या बाजूला अनुकूल असा अलीकडचा पुरावाही आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा निरोगी स्वयंसेवक सात दिवस फक्त पाण्यावर राहिले. त्यांचे वजन सरासरी ५.७ किलोंनी घटले, त्यात चरबी आणि चरबीविरहित भाग दोन्ही होते. अन्न सुरू केल्यावर तीन दिवसांत चरबीविरहित भाग जवळजवळ भरून आला आणि चरबी मात्र घटलेलीच राहिली. यावरून एवढेच म्हणता येते की धडधाकट माणसाचा देखरेखीखालचा आठवडा भरून निघू शकतो, आणि तीन दिवसांत भरून आला त्यात ग्लायकोजेन आणि पाण्याचा वाटा मोठा असणार. सात दिवसांचा निष्कर्ष सतराव्या किंवा सत्ताविसाव्या दिवसाला लावता येत नाही.

दुसरा आक्षेप तपश्चर्येच्या बाजूने येईल. मासखमण करणारी माणसे तीस दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहतात, तेही सूर्यास्तानंतर न पिता, आणि पारणे करून पुन्हा व्यवहाराला लागतात. मग एवढी भीती कशाला? पण हे उदाहरण वरच्या हिशेबाच्या विरोधात जात नाही. पुरेशी चरबी आणि पुरेसे स्नायू असलेला, विश्रांती घेणारा, पाणी न सोडणारा माणूस तीस दिवस काढू शकतो, असेच तो हिशेब सांगतो. या परंपरेत माणूस एकदम मासखमणाला बसत नाही; लहान तपांची सवय असते, घरचे आणि साधू-साध्वी लक्ष ठेवून असतात, आणि पारण्याला मुगाच्या पाण्यासारखे हलके, थोडेच अन्न देण्याची रीत आहे. म्हणूनच मासखमणाचा दाखला उन्हात मांडवात बसून भाषणे करणाऱ्या, रात्र रात्र जागणाऱ्या आंदोलकाला देता येत नाही. पाणी सोडले तर सगळाच हिशेब मोडतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला आजारी विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले आणि काही दिवसांतच, १५ नोव्हेंबरला, ते गेले. तिथे चरबी किंवा स्नायू संपण्याचा प्रश्नच आला नाही. आणि आषाढी-कार्तिकीचा आपला उपास या चर्चेत येतच नाही. साबुदाण्याची खिचडी, रताळी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाणाऱ्याच्या इन्सुलिनला उपास असल्याची खबरही लागत नाही. एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्याकडे आधीच सांगून ठेवलेले आहे.

मग राहिले दुसरे वाक्य, सलाइनचे. मांडवाच्या बांबूला टांगलेल्या बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचले, तर हा वाद निम्म्याने मिटेल. ०.९ टक्के सोडियम क्लोराइडच्या पाचशे मिलिलिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते, कॅलरी शून्य. तिने भूक भागत नाही, रक्तदाब आणि मूत्रपिंडे सांभाळली जातात. पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली वेगळी. पाचशे मिलिलिटरमध्ये पंचवीस ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपास कॅलरी. हा आकडा जेवणाच्या मानाने क्षुल्लक आहे, पण प्रथिनांच्या हिशेबात तो मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाज बुडाल्यावर तराफ्यावर अडकलेल्या खलाशांना कोणता शिधा द्यावा याचा शोध घेताना अमेरिकेतले जेम्स गॅम्बल यांना दिसले की उपाशी माणसाला रोज फक्त शंभर ग्रॅम ग्लुकोज दिले तरी प्रथिनांची झीज जवळजवळ निम्मी होते. चारशे कॅलरींनी पोट भरत नाही, पण मेंदूची मागणी भागते आणि स्नायू वाचतात. म्हणून डेक्स्ट्रोज घेणाऱ्या माणसाचे उपोषण शरीरशास्त्राच्या दृष्टीने खरोखरच वेगळे आणि दीर्घ होते, हे कबूल करायला हवे; पण मिठाच्या सलाइनवर तोच शेरा मारणे चूक आहे. आंदोलक काय स्वीकारतो हा त्याचा अधिकार आहे. शुद्धीवर असलेल्या उपोषणकर्त्याला बळजबरीने अन्न घालू नये, असे जागतिक वैद्यक संघटनेच्या १९९१ च्या माल्टा घोषणेने डॉक्टरांना बजावलेले आहे. पण काय स्वीकारले आहे हे अचूक सांगणे डॉक्टरांच्या आणि बातमीदारांच्या हातात आहे. एक खबरदारी मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. अंगातला थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपत येतो. त्यानंतर थायमिन न देता ग्लुकोज चढवले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते; डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, तोल जातो, स्मृती हरपते.

काटकसरीचा टप्पाही कायमचा नसतो. चरबी ठरावीक पातळीखाली गेली की प्रथिनांचा खर्च पुन्हा उसळतो. अंटार्क्टिकात अंडे उबवत सुमारे चार महिने उपाशी राहणाऱ्या सम्राट पेंग्विन नरांवरच्या अभ्यासात हे स्वच्छ दिसले आहे. ही वेळ येताच पक्षी अंडे टाकून समुद्राकडे निघतो. माणसात अशी सूचना देणारी उपजत घंटा वाजत नाही. उलट भूक मेलेली असते आणि निर्धार पक्का झालेला असतो. श्वासाचे स्नायू दुबळे होतात, जंतुसंसर्ग साध्या सर्दीतून छातीत उतरतो, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरल्याने हृदयाची लय चुकते. मूळ वजनाच्या अठरा-वीस टक्के घट झाली की धोका गंभीर मानतात, पण बारीक माणसात तो त्याआधीच येतो.

आणि सर्वांत दुर्लक्षित घडी म्हणजे उपोषण सुटण्याची. रसाचा पेला ओठाला लागतो, कॅमेरे चमकतात, घोषणा होतात आणि लोकांच्या लेखी संकट संपते. शरीराच्या लेखी दुसरे संकट तिथून सुरू होते. साखर पोटात जाताच इन्सुलिन उसळते आणि पेशी ग्लुकोजबरोबर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आत ओढून घेतात. झिजलेल्या शरीरात त्यांचा साठा मुळातच रिता असतो, त्यामुळे रक्तातली पातळी काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत कोसळते; श्वास दुबळा होतो, हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांत पोटभर जेवणानंतरचे असे मृत्यू डॉक्टरांनी पाहिले. म्हणून ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की दहा दिवसांहून अधिक उपाशी राहिलेल्याला पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे दहा कॅलरी आणि पंधरा दिवसांहून अधिक असेल तर पाचच कॅलरी द्याव्यात, आधी थायमिन द्यावे आणि क्षार रोज तपासावेत. साठ किलोंच्या माणसाला हे तीनशे ते सहाशे कॅलरींपेक्षा जास्त होत नाही. दिवसभरात विभागून घेतलेली पातळ पेज आणि मुगाचे कढण, एवढेच. मुगाच्या पाण्याने पारणे करण्याच्या जुन्या शहाणपणाशी हा आकडा चांगला जुळतो. गोड रसाचा मोठा पेला, पाठोपाठ पेढा आणि संध्याकाळी पंगत, याच्याशी तो अजिबात जुळत नाही.

वारंवार होणाऱ्या उपोषणांचा प्रश्न याहून अवघड आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी छत्तीस तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने उतरवले आणि मग त्यांना पुन्हा खाऊ घातले. वजन परत आले तेव्हा चरबी आधी आली, मूळ पातळीच्याही वर गेली. स्नायूंना सावरायला अनेक महिने लागले. म्हणजे दोन उपोषणांत तीन-चार महिन्यांचे अंतर असले, काटा पूर्ववत झाला असला, तरी दुसऱ्या वेळी बसणारे शरीर पहिलेच नसते. त्याच्याकडे धान्य असते पण प्रथिने कमी असतात, आणि त्याचा दहावा दिवस पहिल्या वेळच्या दहाव्या दिवसापेक्षा अधिक धोक्याचा असतो. हेच गणित वजन उतरवण्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी पाच-सात दिवस केवळ पाण्यावर राहणाऱ्यांनाही लागू होऊ शकते. प्रत्येक फेरीत स्नायू थोडा गेला आणि चरबी पुरती परत आली, तर काही वर्षांनी त्याच वजनाचा, पण अधिक दुबळा माणूस आरशात उभा राहतो.

तेव्हा निर्णय स्पष्ट आहे. उपोषण किती दिवसांचे आणि वजन किती उतरले, हे दोन आकडे बातमीला पुरतात, शरीराला पुरत नाहीत. मांडवात रक्तदाब आणि साखरेबरोबर पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि हृदयालेख नियमित तपासले जावेत. पहिल्या दिवसाचे वजन आणि शरीरयष्टी नोंदलेली असावी. थायमिन पहिल्या आठवड्यातच सुरू व्हावे. आणि रसाचा पेला पुढे करणाऱ्या पुढाऱ्याच्या शेजारी पुढच्या दहा दिवसांचा आहार लिहून दिलेला डॉक्टर उभा असावा. ज्यांना मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, ज्या गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या आहेत, जे मुळातच बारीक आहेत, त्यांनी दीर्घ उपासाच्या वाटेला जाऊच नये. आणि जे श्रद्धेने किंवा मागणीसाठी अन्न सोडतात, त्यांच्या घरच्यांना आणि कार्यकर्त्यांना एवढेच आग्रहाने सांगायचे आहे, की माणूस बोलतो आहे म्हणून निश्चिंत राहू नका, पाणी आणि मीठ बंद पडू देऊ नका, आणि उपोषण सुटल्यावर त्याला किमान आठवडाभर रुग्णालयाच्या नजरेखाली ठेवा.